दोन्हीकडून फिरणारा पंखा

पंख्यालाही कूळ असतं, गोत्र असतं आणि त्याचे आजे-पणजे शोधत माणसं गावोगाव हिंडतात, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. तोवर मी पंख्याकडे फक्त लाईट गेली की मान वर करून बघत असे, आणि तेही शिव्या द्यायला.

मागच्या उन्हाळ्यात मी थोरल्या बहिणीकडे, सुमनताईकडे, वरवट बकालला गेले होते. तिच्या मुलानं, संजूनं, घरातल्या जुन्या बंद पंख्याचा फोटो मोबाइलवरच्या कुठल्याशा मंडळात टाकला होता. जुने पंखे जमवणाऱ्यांचं मंडळ! माणसं नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, आमच्या माहेरी उंद्रीत एक जण दुसऱ्यांची भांडणं जमवायचा, पण पंखे? तर फोटो पडल्याबरोबर त्या मंडळात काय खळबळ उडाली देव जाणे, पुण्याहून दोघं जण भर मे महिन्यात गाडी करून थेट दारात उतरले. एक दाढीवाले श्रीरंगजी, एक चष्मेवाल्या मृणालबाई. ताईनं "या बाप्पा, बसा, पाणी घ्या" म्हटलं तर बाई हरखून म्हणाल्या, "किती गोड बोली आहे हो तुमची!" ताईनं माझ्याकडे पाहिलं. पाणी घ्या म्हणण्यात गोड काय असतं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

श्रीरंगजींनी पाण्याचा गडवा बाजूला ठेवून पंख्याला हात जोडले. मग ते सतरंजीवर उताणे झाले आणि मोबाइलची बत्ती लावून पंख्याचं पोट तपासू लागले. आडव्यानंच त्यांचं प्रवचन चालू झालं. आधी लाकडी पाती होती, मग पत्र्याची आली. आधी चार पाती, मग काटकसर आली आणि तीन झाली. आधी वरच्या टोपीवर वेलबुट्टी ओतायचे, मग वेलबुट्टी गेली आणि नुसता वाडगा राहिला. हा पंखा चार पात्यांचा, वेलबुट्टीचा, म्हणजे घराणं मोठं. पण प्रत्येक पात्याच्या टोकाला गोल भोक होतं, ते मात्र त्यांनी देशभरात कुठं पाहिलं नव्हतं. "आवाज कमी करण्यासाठी," श्रीरंगजी म्हणाले. "छे, हवा फाकवण्यासाठी," मृणालबाई म्हणाल्या. त्यावरून त्यांची जी जुंपली, ती ऐकत आम्ही सगळे कूलरसमोर बसलो होतो. वरवट घाटाखाली, सपाटीला; तिथल्या उन्हाळ्यात जीव वाचवतो तो हा खडखडणारा पत्र्याचा कूलर. त्याचे आजे-पणजे विचारायला अजून कुणी आलेलं नाही.

शेवटी मुद्दा निघाला. संजूनं फोटोखाली लिहिलं होतं की आजोबा सांगायचे, हा पंखा दोन्हीकडून फिरायचा. काही फेरे उजवीकडे, काही डावीकडे, आपोआप. "असं यंत्र असल्याचा कुठंही उल्लेख नाही," श्रीरंगजी उठून बसत म्हणाले, "हे खरं ठरलं तर छताच्या पंख्यांचा इतिहास नव्यानं मांडावा लागेल." मी मनात म्हटलं, मांडा बापहो. पण तो सगळा इतिहास माझ्या या दोन दंडांत आहे, आणि अजून पावसाळी हवेत ठणकतो.

हा पंखा मुळात आमच्या बाबांनी आणला. घाटावर उंद्रीला आमची शेती बरी होती, घर धाब्याचं होतं, आणि बाबांना गावात पहिलं असण्याची हौस होती. पहिली सायकल त्यांची, पहिलं मनगटी घड्याळ त्यांचं. घड्याळ बघता येत नसे, पण कुणी वेळ विचारली की ते मनगट पुढे करत आणि म्हणत, "पाह्य तूच." तर एकदा कापूस घेऊन खामगावला गेले, तिथं एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या साहेबी बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले. बाबांनी पंखा घेतला. वाकळीत गुंडाळून, वर झेंडूची माळ घालून बैलगाडीतून आणला, जसा काही नवरदेवच. गाव लोटलं बघायला. आता यात अडचण एकच होती. गावात लाईट नव्हती.

खांब होते. खांब कधीचे येऊन उभे होते, त्यांच्यावर कावळे बसत आणि खाली कुत्री पाय वर करत. बाबा म्हणायचे, "खांब आले म्हणजे लाईट येऊनच राह्यली." माय म्हणायची, "सून यायच्या आधी पाळणा टांगून राह्यले." पण तिचं कोण ऐकतो? सुतार बोलावला, लोखंडाची कडी ठोकली आणि बैठकीच्या सागवानी आढ्याला पंखा लटकला. पहिले काही दिवस येणारा-जाणारा खाली उभा राहून वर बघायचा. बाबा सांगायचे की लाईट आल्यावर काय वारा सुटंन, अंगावरचं धोतर उडून जाईन. लोक बिचारे आधीच धोतर सावरायचे.

नव्याची नवलाई सरली तशी मायनं पंख्याचा ताबा घेतला. घरात मांजरी उदंड, दुधा-लोण्याला ठेवायला जागा नाही. तिनं बाबा शेतात गेलेले पाहून लोहाराला बोलावलं, चारही पात्यांच्या टोकांना भोकं पाडून घेतली आणि चार शिंकी टांगली. एकात दूध, एकात दही, एकात लोणी, एकात लिंबाचं खारं लोणचं. मांजर खाली बसून आशेनं वर बघायचं आणि पंख्यानं झुळूक आली की जरासं हलून त्याला चिडवावं, असं चालायचं. मायला तर ते फार सोयीचं झालं. ती एकाच जागी उभी राहायची, पातं ढकलायची आणि हवं ते शिंकं तिच्यासमोर येऊन थांबायचं. बाबांनी पाहिलं तेव्हा आकांडतांडव केलं. माय म्हणाली, "लाईट आली का काढून घेईन. तोपर्यंत काही तरी काम करू द्या त्याले. घरात बसून खाणारे काय कमी हायेत?" बाबा बाहेर निघून गेले. आता सांगा, मृणालबाईंना ज्या भोकात हवा फाकवण्याचं शास्त्र दिसलं, त्या भोकात मला अजून लोणी दिसतं, त्याला मी काय करू?

सुमनताई त्या वेळी मॅट्रिक झाली होती. आमच्या घरात मॅट्रिक झालेली ती पहिलीच, पण त्या पहिलेपणाची बाबांना हौस नव्हती. ताईला मास्तरीण व्हायचं होतं. बुलडाण्याला ट्रेनिंगला तिचा नंबरही लागला होता. ती चुलीपुढे भाकरी थापताना मला समोर बसवून पाढे घ्यायची, चुकले की पिठाचा हात गालावर. रोज जेवताना ती विषय काढायची आणि रोज बाबा पाणी पिऊन उठायचे. अखेर मायनंच बाबांना कोंडीत पकडलं, तेव्हा त्यांनी निकाल दिला, "वरवटचे सोयरे पाह्याले येऊन राह्यले. जमलं तर लगन. नाही जमलं तर जाय बुलडाण्याले, मी आडवा येत नाही." ताईनं मान डोलवली. त्या दिवसापासून ती मनोभावे देवाला दिवा लावू लागली, आणि माय समाधानानं म्हणायची, पोरीनं मनावर घेतलं. देवाला ती काय मागत होती हे फक्त मला माहीत होतं.

हे वरवटचं स्थळ आणलं रहीमचाचांनी. ते घाटावर-घाटाखाली बांगड्या विकत हिंडायचे आणि बांगड्यांबरोबर सोयरिकीही जमवायचे. बाबांनी त्यांच्यापुढे बढाई मारली असणार, कारण चाचांनी घाटाखाली जाऊन सांगितलं की उंद्रीवाल्यांच्या बैठकीत चालता पंखा आहे. एवढ्यावर नवरदेवाचे वडील नारायणराव तयार झाले. वरवटला लाईट पोचली होती, पण पंखा कुणाकडे नव्हता. निरोप आला तो चाचांच्याच तोंडून, "बडे खूष हैं. पंख्याखाली बसूनच पोरगी पाहू म्हणतात." बाबांचं तोंड मी पाहिलं, घामानं डबडबलेलं. बढाई मारताना माणसाला वाटत नाही की कुणी खरंच बघायला येईल.

तेव्हा घर वाचवलं ते मायनं. ती ताक घुसळत होती. रवीला दोरी गुंडाळलेली, एक टोक या हातात, एक त्या हातात, ओढ-सोड, ओढ-सोड. मधेच थांबून तिनं पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताक घुसळता येते तं पंखा काऊन नाही घुसळता येत?" बाबा तिच्याकडे असे बघत राहिले की जणू ती लग्नानंतर पहिल्यांदाच दिसली असावी. बैठकीला लागून माळा होता, कांदे-मिरच्या ठेवायचा. शिंकी उतरवली, रवीची दोरी लांब करून पंख्याच्या फिरत्या गळ्याला वेढली, काजळी लावून काळी केली, म्हणजे धुरानं काळ्या पडलेल्या आढ्याखाली ती दिसू नये. टोकं माळ्यावर. पुढे वाकळी वाळत घातल्यासारख्या टांगल्या. आणि त्यामागे कोण बसणार? कुसुम. म्हणजे मी. अंगानं किरकोळ आणि आवाज न करणारी, असं माझं कौतुक त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

सोयरे आले ते भर दुपारी. खाली आमरस, सरगुंडे, कुरडया, भजी, पुरणाच्या पोळ्या, तुपाचा वास नुसता माळ्यापर्यंत येत होता, आणि मी वर मिरच्यांच्या पोत्यांमध्ये बसून नाक दाबून शिंका गिळत होते. बाबा खाकरले. ती खूण होती. मी दोरी ओढली. पंखा कुरकुरला आणि फिरला. खाली "वा!" झालं. दोरी संपली, मी दुसरं टोक ओढलं, पंखा थांबला आणि उलटा फिरला. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. वाकळीच्या फटीतून मला नारायणरावांची मान दिसत होती, पंख्याबरोबर तीही इकडून तिकडे जात होती.

"हा पंखा उलटा-सुलटा काऊन फिरते हो?" त्यांनी विचारलं.

"नवीन तऱ्हेचा हाये," बाबा म्हणाले. धन्य तो बाप! "एकाच बाजूनं हवा घेतली तं दुसरी बाजू उबते. हा दोन्हीकडून देते."

"अस्सं. अन् बटन कुठं हाये?"

"बटन? बटन ग्रामपंचायतीत हाये. अख्ख्या गावाचं एकच."

नारायणराव हसले नाहीत. रसाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, मिशी पुसली. तोवर ताईला आणून पाटावर बसवलं होतं. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. शेजारी नवरदेव रुमालाची घडी घालत नि मोडत बसले होते, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मग नारायणराव ताईकडे वळले, "पोरी, एक सांग. तू शिकेल हायेस. खरं सांग, हा पंखा लाईटवर चालून राह्यला का?"

माझे हात चालूच होते, पण वेग गेला होता. ताई काय करणार हे मला कळलं होतं. हो म्हटलं तर बाबांची अब्रू राहील आणि तिचं लग्न होईल. नाही म्हटलं तर सोयरे उठतील, बाबा चारचौघांत नागडे होतील आणि तिला बुलडाण्याची वाट मोकळी होईल. बाबा तिच्याकडे बघतही नव्हते, जमिनीकडे बघत होते. एवढे लहान झालेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते. ताईनं मान वर केली, आणि बाबांकडे नाही, नारायणरावांकडे नाही, वाकळीच्या फटीकडे पाहिलं, थेट माझ्याकडे.

"लाईट नाही आमच्या गावात," ती म्हणाली. "माही बहीण वरतं बसून दोरी वढून राह्यली. तिचे हात सोलले असतीन. आधी तिले खाली घ्या, मंग काय विचाराचं ते विचारा."

पंखा थांबला. मला तिथं माळ्यावरच रडू कोसळलं, मिरच्यांचं निमित्त होतंच. मी मनात म्हणत होते, उठा आता, जा, जा तुमच्या घाटाखाली. आणि नारायणरावांनी मांडीवर थाप मारली. अशी मारली की रसाची वाटी कलंडली.

"जमलं!" ते ओरडले. "अशी खरं बोलणारी सून आमच्या घराण्यात नाही झाली आजपावतर. बापाच्या तोंडावर खरं बोलते! पसंत हाये पोरगी."

बाबा रडले, हसले, पाया पडले. माळ्यावरून मला ताईचा चेहरा दिसत होता. तिनं इतका विचार करून, बापाला पणाला लावून फासा टाकला होता, आणि नेमका तोच तिच्या गळ्यात पडला. तिनं एकदाच डोळे मिटले. पुढे लोक म्हणाले, पोरगी लाजली. लाजली म्हणे!

घाटाखाली खारं पाणी. तिथं पोरगी द्यायची तर घाटावरची माणसं आजही दोनदा विचार करतात, पण बाबा खरेपणाच्या कौतुकात बुडाले होते. लग्नात नारायणरावांनी आंदण म्हणून पंखा मागितला. "आमच्याकडे लाईट हाये, तिथं चालंन तरी." मायनं पुन्हा टांगलेली शिंकी सोडवली, पंखा पुन्हा वाकळीत गुंडाळला आणि ताईच्या मागोमाग गाडीत चढला. वरवटला वाजतगाजत टांगला, गाव जमवलं, बटन दाबलं. पंखा आतल्या आत गुरगुरला, थोडा धूर सोडला आणि गप्प झाला तो कायमचा. वायरमन म्हणाला, हा जिनिंगच्या इंजिनावरचा, तुमच्या लाईटचा नाही. म्हणजे आमच्या हाती आल्यापासून हा पंखा कधी फिरला असेल तर तो माझ्या दंडांवर, त्या एका दुपारी.

आता गंमत बघा. गावासमोर फजिती होऊ नये म्हणून नारायणरावांनी काय केलं? बाबांचंच खोटं उचललं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, हा साधा पंखा नाही, दोन्हीकडून फिरणारा आहे, म्हणून आपल्या लाईटवर चालत नाही. पन्नासदा सांगितल्यावर त्यांचं त्यांनाच पटलं आणि नातवालाही तेच सांगून गेले. खऱ्याचे एवढे भोक्ते! आणि आत चुलीपाशी? भाजीत मीठ जास्त पडलं की "खोटारड्याची पोर". दूध उतू गेलं की "बापानं बंद पंखा देला, अन् पोरगीबी तशीच". जिला खरं बोलली म्हणून पसंत केली, तिला आयुष्यभर खोटारड्याची पोर म्हणून ऐकवलं, ते त्या पंख्याखाली बसून. बैठक पुरुषांची, ती चुलीपाशी, तिच्या वाट्याला पंख्याची सावलीही नाही. बुलडाण्याच्या ट्रेनिंगला पुढे मी गेले. तोवर बाबा सुधारले होते. धाकटीच्या नशिबात सुधारलेला बाप येतो, थोरलीच्या नशिबात तो सुधारायचा असतो. मला याचा राग आजही येतो, आणि मी तो लपवत नाही.

तर श्रीरंगजी आणि मृणालबाई. त्यांनी ताईला पंख्याखाली खुर्चीवर बसवलं, मोबाइल तोंडापुढे धरला आणि श्रीरंगजींनी विचारलं, "काकू, तुमच्या माहेरचा पंखा. तुम्हीच एकमेव साक्षीदार. खरं सांगा, हा दोन्हीकडून फिरायचा?"

मी सावरून बसले. तोच प्रश्न, तोच पंखा, तीच बाई, फक्त केस पांढरे. मला वाटलं आता ही सांगेल, माय, रवी, माळा, मिरच्या. सांगायला मीच तोंड उघडलं, तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हाव," ताई म्हणाली. "दोन्हीकडून फिरे. आधी इकडून, मंग तिकडून. गोऱ्या साहेबाची बाई होती नं, एका बाजूची हवा लागली का तिची मान धरे. म्हून साहेबानं विलायतेत सांगून बनवून घेतला. अन् हे भोकं? याच्यात वाळ्याच्या पुड्या बांधत. फिरला का घरभर वास."

मृणालबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीरंगजी पुटपुटले, "वाळा! मला का सुचलं नाही?" मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भीत भीत विचारलं की हा पंखा संग्रहासाठी मिळेल का. संजू काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "न्या बाप्पा. काढा एकदाचा माह्या डोक्यावरून." खाली घेतला, वाकळीत गुंडाळला, आम्हीच दिली वाकळ, आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला. मृणालबाई त्याच्याशेजारी अंग चोरून बसल्या. गाडी वळणाआड गेली तरी संजू हात हलवत होता.

ताई आत येऊन कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती. मला राहवलं नाही. "ताई, तू? तू कशी खोटं बोललीस गं?"

तिनं बादली खाली ठेवली, पदरानं हात पुसले.

"एक खेप खरं बोलली होती कुसे, तं मी इथं आली. आज खोटं बोलली, तं पंखा पुण्याले गेला," ती म्हणाली. "दोघांतून एक जण तं सुटला!"